खांदेपालट

माझ्या उजव्या खांद्यात धातूचा गोळा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात भेटणारा प्रत्येक माणूस आधी खांद्याकडे बघतो आणि मग तोंडाकडे, आणि त्या बघण्याचा मला वीट आलाय. गोळा आहे, गोळ्याला दांडी आहे, दांडी दंडाच्या हाडात ठोकून बसवली आहे, आणि समोर प्लास्टिकची वाटी आहे. आभाळ आलं की दुखतो का? नाही. रात्री वाजतो का? नाही. विमानतळावर वाजतो म्हणतात, पण आष्टीतून उठून विमानतळावर जाण्याचा प्रसंग अजून आलेला नाही. हात लावून बघायचा असेल तर विचारून लावावा.

पुढचा प्रश्न असतो, "या वयात?" जणू खांदा खराब करून घेण्यासाठी आधी साठी गाठून तसा दाखला आणावा लागतो. माझी अजून तिशी उलटलेली नाही. दवाखान्याच्या बाकावर माझ्या एका बाजूला कुणाचे आजोबा, दुसऱ्या बाजूला कुणाची आजी. आतून येणारा माणूस दरवेळी मलाच विचारायचा, पेशंट कुठंय? मी म्हणायचो, मीच. मग तो कागदाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, आणि दोघांपैकी कागदावर विश्वास ठेवायचा.

झालं ते असं. मी पत्रकं काढतो. पाणी, रस्ता, शाळेची गळकी खोली, जे समोर येईल त्यावर. त्या आठवड्यात रस्त्यावर काढलं होतं. शीर्षक होतं, 'हा रस्ता आहे की सापळा?' छापखान्यातून गठ्ठा घेऊन मोटारसायकलवर गावाकडे येत होतो आणि ज्या खड्ड्यावर तिसरा परिच्छेद लिहिला होता त्याच खड्ड्याने मला उत्तर दिलं. पत्रकं रस्ताभर पांगली. शेतातून धावत आलेल्या माणसांपैकी एकाने त्यातलीच चार उचलली, त्यांची घडी केली आणि माझ्या डोक्याखाली ठेवली. माझ्या लिखाणाचा जनतेला झालेला तो पहिला ठोस उपयोग.

खांद्याच्या हाडाचा गोळा फुटला होता. पहिल्या डॉक्टरांनी पट्टी आणि स्क्रू लावून तुकडे जोडले. वर्ष सरता सरता गोळा आतून मेला. रक्ताचा पुरवठा बंद झाला, असं सांगितलं. मला समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्याकडच्या नळयोजनेचं हेच आहे: टाकी आहे, पाइप आहे, तोटी आहे, पाणी नाही. दुसरे डॉक्टर म्हणाले, आता दुरुस्ती नाही, बदलावाच लागेल.

ही बातमी आमच्या व्हॉलीबॉलच्या ग्रुपवर शेठने टाकली. शेठ म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे पूर्वज कधीकाळी मारवाडातून आले. तो स्वतः आष्टीतून फार तर जालन्यापर्यंत जातो. बाजारात त्याचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि मला तो कॉलेजपासून 'नेताजी' म्हणतो, त्यात आदर किती ते त्यालाच ठाऊक. त्याने लिहिलं, "नेताजींच्या मंत्रिमंडळात खांदेपालट. जुन्या गोळ्याला डच्चू. शपथविधी सोमवारी." मी भुलेतून बाहेर आलो तेव्हा अभिनंदनाचे हार आणि गुलदस्ते मोबाइलवर येऊन पडले होते. शेवटी कुणीतरी विचारलं होतं, नवीन मंत्री जालन्याचाच आहे का. नव्हता. सगळ्या महाराष्ट्राच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आणि जालन्याच्या माणसाच्या आत बाहेरचा माल. यावर पत्रक काढायचं राहूनच गेलं.

मला डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायची होती आणि ती मी टाके काढायच्या दिवशी विचारली. व्हॉलीबॉल कधी?

ते म्हणाले, कॅरम खेळा.

मी उठलोच नाही. तहसीलमध्ये निवेदन देताना साहेब कामात असल्याचं सोंग करतो तेव्हा मी जसा बसून राहतो, तसा बसून राहिलो. बाहेर रांग वाढत गेली. शेवटी त्यांनी पेन ठेवलं. कबड्डी विसरा, म्हणाले, कुस्ती विसरा, डोक्यावरून ताकदीने मारणं कायमचं विसरा. खांदा पूर्ण फिरायला लागला, फिजिओथेरपीवाल्यांनी हो म्हटलं, तर मग हलकं खेळा. मी विचारलं, हलकं म्हणजे किती? म्हणाले, झेपेल एवढं. ही काय व्याख्या झाली? असल्या व्याख्येवर सरकारी योजना चालतात, खांदा कसा चालणार? पण 'खेळा' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला होता. तो मी खिशात टाकला आणि बाहेर पडलो.

आता हे एवढं कशासाठी, ते सांगायला हवं. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी आमचं जाळं बांधलं जातं. फक्कीच्या रेघा, दोन खांब, त्यातला एक वाकडा. शेतातून, दुकानातून, शाळेतून सुटलेली माणसं येतात आणि चेंडू दिसेनासा होईपर्यंत खेळतात. जाळ्याजवळ उभा राहून चेंडू वर ठेवून देतो तो लिफ्टर. ते माझे चुलते, आम्ही काका म्हणतो. पन्नाशी ओलांडलेले, दोन बैलांवर शेती करणारे आणि संघाचे कप्तान. काकांनी वर ठेवलेला चेंडू फळीवर ठेवलेल्या डब्यासारखा क्षणभर हवेत थांबायचा. तो पलीकडे हाणणारा शूटर मी होतो. माझ्या भाषणात लोक मध्येच प्रश्न विचारतात, माझ्या पत्रकात गुरुजी ऱ्हस्व-दीर्घ काढतात, मोर्च्याला पन्नास येतो म्हणून सांगतात आणि सात येतात. पण त्या फटक्याला कुणाकडे उत्तर नसायचं. दिवसातून तेवढा एक क्षण माझं म्हणणं पूर्ण ऐकलं जायचं. ते मला परत हवं होतं. शूटर म्हणून नाही मिळालं तरी चालेल, पण त्या रेघांच्या आत, माणसात मोजला जाऊन.

फिजिओथेरपीसाठी नवीन जालन्यात जावं लागायचं, कारण आमच्या तालुक्यात तुटायची सोय आहे, जुळायची नाही. एसटीने जालना, तिथून ऑटो. तिथल्या ताई माझ्याच वयाच्या होत्या आणि त्यांना माझ्या आवेशाची काडीची किंमत नव्हती. छताला अडकवलेल्या दोरीने एका हाताने दुसरा हात वर ओढायचा. काठी धरून हात बाजूला न्यायचा. आणि भिंतीवर बोटं चालवायची, कोळ्यासारखी, जिथपर्यंत जातील तिथपर्यंत. शेजारी गुडघेवाली एक आजी असायची. ती ओरडली की मला बरं वाटायचं, मी ओरडलो की तिला. असा आमचा आधार होता.

पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, घोषणा देताना कोणता हात वर करता? म्हटलं, उजवा.

"मग आता काही महिने डाव्या विचारांचे व्हा," त्या म्हणाल्या.

झालो. मोर्च्यात मी डावी मूठ वर करू लागलो आणि एका स्थानिक बातमीदाराने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पक्ष बदलला का?

बोटं भिंतीवर वर वर गेली. एक दिवस माझ्या डोक्याच्या वर गेली. ताई म्हणाल्या, जा मैदानावर, पण हाणायचं नाही, आणि सर्व्हिस खालून.

खालून सर्व्हिस. ज्याने हे लहानपणी केलंय त्याला त्यातला अपमान कळेल. चेंडू डाव्या तळहातावर घ्यायचा आणि उजव्याने खालून टोलवायचा, विटी-दांडूच्या वयात करतात तसं. मी पहिली तशी सर्व्हिस केली तेव्हा पलीकडून कुणीतरी बोललं, पोरींवानी. मी जागच्या जागी सभा घेतली. आपल्या शाळेच्या पोरी वरून मारतात, तुमच्यापेक्षा जोरात मारतात, बघायला या एकदा. सभा झाली, पण पॉइंट गेलाच.

याहून वाईट पुढे होतं. माझ्याकडे चेंडू येईनासा झाला. आला तर पंगतीत म्हाताऱ्याच्या ताटात मऊ भात वाढावा तसा, जपून, हळूच, दोन्ही हातांनी. तोही माझ्याकडून सुटला की सगळीकडून एकच आवाज, "असू दे, असू दे." मराठीत यापेक्षा घाण शिवी नाही. इतर कुणाचा चेंडू सुटला तर काका त्याचा उद्धार करायचे, त्याच्या शाळेचा, त्याच्या डोळ्यांचा, तो जेवला त्या भाकरीचा. मला? असू दे. मधल्या वेळात माझ्या गळ्यात शिट्टी घातली जायची. ज्याला काही देता येत नाही त्याला अध्यक्ष करतात, ही पद्धत मला चांगली माहीत होती. मीच दोघातिघांना असं केलंय.

मी शेठला दुकानात जाऊन धरलं. म्हटलं, तू तरी सरळ मारत जा ना माझ्यावर. तो खताच्या गोण्यांवर हात ठेवून म्हणाला, "नेताजी, तुमच्या मायनं इथं येऊन सांगितलंय. पोराचा पुर्जा निखळला तर दुकानापुढं बसंन म्हणली. बिलकुल उठणार न्हाई म्हणली."

म्हणजे माझ्या आईने माझ्याच विरोधात धरणं जाहीर केलं होतं. चौकशी केली तर कळलं, ती एकट्या शेठकडे नाही, सगळ्या संघाच्या घरोघर फिरली होती. गावात इतका परिणामकारक घरोघर प्रचार मी आजवर केलेला नाही. तिला विचारलं तर म्हणाली, दोनदा तुला भुलेतून बाहेर येताना बघितलं, तिसऱ्यांदा बघणार न्हाई.

मग पोळा आला. पोळ्याच्या सकाळी शेजारच्या गावाशी आमचा सामना असतो. बक्षीस नारळाचं, पण वर्षभर त्यावर बोललं जातं. मागच्या दोन पोळ्यांना मी नव्हतो. या वर्षी मला घेतात का, एवढंच माझ्या डोक्यात होतं. विचारायची मात्र मला लाज वाटत होती.

आदल्या संध्याकाळी काकांच्या गोठ्यात खांदमळणी होती. वर्षभर जू ओढणाऱ्या बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद-तुपाने मळायचे, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. आमच्या भावकीत बैल आता फक्त काकांकडे उरलेत, म्हणून सगळा संघ तिथेच जमला होता. काका पळसाच्या पानाने बैलाचा खांदा मळत होते. दोन्ही बैलांचं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ये हिकडं. शर्ट काढ."

मला वाटलं, गंमत. काढला. काकांनी वाटीतलं कोमट हळद-तूप घेतलं, नवं पान घेतलं, आणि माझ्या खांद्यावरच्या लांब व्रणाच्या दोन्ही बाजूंनी सावकाश मळायला लागले. ताईंचा हात इतका हलका नव्हता. शेठने आपला पांढरा शर्ट सांभाळत दोन पावलं मागे घेतली, पण हसत होता. मग काका बैलांना म्हणाले होते तेच, त्याच आवाजात, मला म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

सगळे हसले. मीही हसलो. पण मी आतून हललो, हे लिहायला हरकत नाही. मला वाटलं, ठरलं. हा निवडीचा मान आहे. काका तोंडाने सांगणाऱ्यातले नाहीत, त्यांनी असं सांगितलं. घरी आलो तो हळदीचा वास घेऊन. आईने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलली नाही. ती काहीच बोलली नाही, तिथेच मला शंका यायला हवी होती.

सकाळी मी जुनी जर्सी घालून मैदानावर. पाठीवर आकडा निम्मा उडालेला. काका संघ उभा करत होते. सगळे रेघेच्या आत गेले. मी बाहेर राहिलो.

म्हटलं, काका, मी?

काकांना खरोखरच कळलं नाही. "तू काय? काल खांदा मळला न्हाई का तुझा?"

"मळला. म्हणूनच तर आलो."

"म्हणूनच म्हंतो मी बी. खांदा मळल्याव पोळ्याला जू लावत्यात का रं? कोण्या गावचा तू?"

पाहुण्या संघासकट अख्खं मैदान हसलं. खांदमळणी झालेल्या बैलाला पोळ्याला कामाला लावत नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मलाही माहीत होतं, कधीकाळी. पण आमच्या घरी ट्रॅक्टर आल्यापासून पोळा म्हणजे देवघरापुढे मातीची जोडी मांडायची आणि पुरणपोळी आपणच खायची. 'शेती वाचवा' या विषयावर मी किती पत्रकं काढली, पण बैलाच्या सुट्टीचा दिवस विसरून गेलो होतो. काकांच्या लेखी त्यांनी मला आदल्या दिवशीच नीट, सगळ्यांसमोर, मानाने सांगितलं होतं की उद्या तू विश्रांती घे. मी त्याला निवडपत्र समजलो.

मी भडकलोच. म्हटलं, हा निर्णय कुणी घेतला? बैठक झाली का? ज्याच्याबद्दल निर्णय आहे त्याला बोलावलं का?

"झाली की बैठक," काका म्हणाले. "गोठ्यात. तू व्हतास. उघडा."

मी पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसलो आणि सामना बघितला. माझ्या जागी शेठ शूटर होता. त्याचे फटके जाळ्यात जात होते, जाळ्याखालून जात होते, एक तर गुरुजींच्या स्कूटरवर गेला. काका मात्र दरवेळी त्याला शिव्या घालत होते, मनापासून, नवीन नवीन. मी त्या शिव्या ऐकत बसलो. आम्ही हरलो. मला वाईट वाटलं, पण फार वाटलं असं म्हणणार नाही.

पोळा सरला, दुसऱ्या दिवसाची कर सरली, आणि बैल परत कामाला लागले. त्या सकाळी मी काकांच्या शेतात गेलो. ते कापसातलं तण काढायला कोळपं धरून होते. तासाच्या, म्हणजे ओळीच्या, टोकाला येईपर्यंत मी बांधावर थांबलो. बराच मजकूर पाठ करून गेलो होतो: समान संधी, दया ही अन्यायाचीच एक जात, वगैरे. काका आले, बैल थांबले, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"काका, पोळा झाला. आता मला बी जू लावा."

काकांनी कोळपं सोडलं. घाम पुसला. मग डाव्या अंगाच्या बैलाच्या मानेवर हात ठेवला.

"ह्याचा खांदा आल्ता मागल्या साली. एवढा सुजल्ता. हा तवा उजव्या अंगाचा बैल. बरा झाला तर त्याच अंगाला पुन्हा जुंपला की पुन्हा सुजायचा. मंग बाजू बदलली. आधी येडावला. दुसरा बी येडावला. तासं वाकडी झाली समदी."

"मग?"

"मंग काय. आता चालून राह्यला न्हाई का तुझ्यासमोर?" त्यांनी बैलाला थोपटलं. "शूटर इसर. माझ्या जागंवर ये."

लिफ्टर. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगतो, आधी राग आला. लिफ्टरला कोण विचारतं? टाळ्या शूटरला. आयुष्यभर मी नेतृत्व, नेतृत्व करत फिरलो आणि आता शेठने हाणावं म्हणून चेंडू वर ठेवायचा? त्या शेठने, ज्याचा फटका स्कूटरवर जातो? मी म्हटलं, आणि तुम्ही कुठं जाणार?

"मागं. माझ्या गुडघ्याला पुढं उभं राहणं हुईना आता." काकांनी कोळपं पुन्हा धरलं. "तुझ्यावानी बदलून आणायला मी काय मंत्री न्हाई. अन् तुझ्या मायला मी बोलतो."

ते आईला काय बोलले ते मला आजतागायत कळलेलं नाही. ताईंना मात्र मीच फोन केला. दोन्ही हातांनी, बोटांवर घेऊन, वर ठेवायचा, चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल, पण पडलात तर मला तोंड दाखवायचं नाही.

संध्याकाळी मैदानावर नेहमीचीच माणसं. सणाची गर्दी गेलेली, फक्की पावसात धुऊन गेलेली, रेघा पायाने मारलेल्या. काका मागे जाऊन उभे राहिले आणि मी जाळ्याजवळ, वाकड्या खांबाच्या बाजूला. कुंपणापलीकडून आई जाताना दिसली. त्या रस्त्याने तिचं काही काम नसतं. थांबली नाही, पण चाल मंद केली.

पलीकडून सर्व्हिस आली. मागे काकांनी घेतली आणि चेंडू माझ्याकडे दिला, बेतानेच, पण नेहमीच्या उंचीने, भातासारखा नाही. मी दोन्ही हात वर केले. दोन्ही गेले. चेंडू बोटांना लागला आणि निघाला. फळीवरच्या डब्यासारखा थांबला वगैरे नाही. जाळ्याच्या जेमतेम वर, पलीकडे कलंडत. शेठने उडी मारली, हाणला, आणि चेंडू जाळ्यात.

सगळे थांबले. शेठ माझ्याकडे बघत होता. मला तो 'असू दे' येताना ऐकू येऊ लागला होता, पहिलं अक्षर कुणाच्या तरी तोंडात आलंही असेल.

"अय आंधळ्या," मागून काका ओरडले, "आवतणाला आल्ता का खेळाय? वर ठीव, वर. खाली काय मातीत पेरून राह्यला?"

"बी तरी माझ्या दुकानातून न्यायचं व्हतं," शेठ म्हणाला.

मी डावी मूठ वर केली आणि दोघांचा जाहीर निषेध केला. कुणी लक्ष दिलं नाही. कुंपणापलीकडे आई पुढे निघून गेली होती आणि जाळ्यावरून पुढची सर्व्हिस येऊन राह्यली होती.